प्रमाण हेही देवस्वच

देवस्थानाच्या मालमत्तेची यादी करावयास बसले म्हणजे विश्वस्त मंडळी जमिनी, दागिने, भांडी आणि ठेवी यांची नोंद मोठ्या दक्षतेने करतात. त्यातली एक समई उणी झाली तरी वार्षिक सभेत प्रश्न निघतो, आणि तो निघावा हेच योग्य होय. परंतु द्वाराची उंची व मूर्तीची उंची यांतील नाते, खांबावरील रेषेची धार, गाभाऱ्यातला अंधार आणि मंडपातला उजेड यांची वाटणी, ह्या गोष्टी कोणत्याही नोंदवहीत सापडत नाहीत. त्या नाहीशा झाल्या तर जाब कोणी द्यावयाचा? हा प्रश्न वरवर पाहता सौंदर्यशास्त्राचा भासतो. आमच्या मते तो नीतीचा आहे.

हुबळी-धारवाडच्या हमरस्त्यावरील उणकल हे गाव बहुतेकांस त्याच्या तलावामुळे ठाऊक असते. त्याच गावात उत्तरकालीन चालुक्यांच्या शैलीतील, अकराव्या-बाराव्या शतकाच्या सुमाराचे चंद्रमौळीश्वराचे देवालय आहे. सामान्यतः देवळास एक मुख असते. तीन बाजू भिंतींच्या. येथे गाभाऱ्यास चारही दिशांनी द्वारे आहेत आणि लिंगही चतुर्मुख आहे. कोणत्याही दिशेने येणाऱ्यास देव सन्मुखच भेटावा, देवाला पाठ अशी असूच नये, हा विचार शिल्पकाराने शब्दांत सांगितला नाही. तो त्याने आराखड्यात मांडला. समतोल हे दृश्यकलेचे एक मूलतत्त्व म्हणून आज शाळेतील चित्रकलेच्या तासालाही शिकविले जाते. उणकल येथे तेच तत्त्व उपासनेचा अर्थ बनले आहे. चारांपैकी एक द्वार बुजविले तर केवळ वाट बंद होणार नाही. वाक्यातले क्रियापदच गळून पडेल.

कलेच्या ह्या मूलतत्त्वांची ओळख आपल्या परंपरेस फार जुनी आहे. वात्स्यायनाच्या ग्रंथावरील यशोधराच्या टीकेत चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. आकारांतील भेद ओळखणे, त्यांचे माप राखणे, त्यांत भाव भरणे, लावण्याची योजना करणे, साम्य साधणे आणि रंगांचे मिश्रण जाणणे, अशी ती आहेत. विष्णुधर्मोत्तर पुराणाच्या तिसऱ्या खंडात वज्र राजा मार्कंडेय ऋषींस मूर्तिविधान विचारतो, तेव्हा ऋषी त्यास चित्राकडे, चित्रावरून नृत्याकडे, नृत्यावरून वाद्याकडे आणि अखेरीस गायनाकडे नेतात. जो ताल मृदंगात आहे तोच स्तंभांच्या रांगेत आहे, असा त्याचा मथितार्थ आम्ही घेतो. मूर्तिशास्त्रात मुखाच्या लांबीच्या मापालाही ‘ताल’ हेच नाव आहे. ताल म्हणजे बारा अंगुळे. नवताल मूर्ती म्हणजे एकशे आठ अंगुळांची. गवयी बेताल झाला तर हुबळी-धारवाडचा श्रोता तत्काळ मान फिरवील. मूर्ती आणि मंदिर बेताल झाले तर मात्र आपण नमस्कार करून पुढे जातो.

हे बेताल होणे कसे घडते ते हिशेबाने पाहू. वराहमिहिराने बृहत्संहितेत नियम दिला आहे की, द्वाराच्या उंचीतून आठवा भाग वजा करावा. जे उरेल ती पीठासह मूर्तीची उंची. त्यातील दोन भाग मूर्ती आणि एक भाग पीठ. द्वार बहात्तर अंगुळांचे असेल तर नऊ वजा जाऊन त्रेसष्ट उरतात. बेचाळीस अंगुळांची मूर्ती, एकवीस अंगुळांचे पीठ. आता कोणी श्रद्धाळू गृहस्थ जुन्या फरसबंदीवर नवी गुळगुळीत फरशी घालून देतात आणि जमीन चार अंगुळे वर येते. द्वार अडुसष्टांचे झाले, पीठ सतरांचे झाले, मूर्ती तेवढीच राहिली. कोणी काही चोरले नाही, कोणी काही फोडले नाही. तरी देव आपल्या घरात किंचित खाली बसला. तैलरंगाचीही तीच कथा. दगडावरील रेषा ही शाईची रेषा नव्हे. ती खाचेत पडणाऱ्या सावलीची रेषा होय. रंगाचे थर चढले की खाच भरते, खाच भरली की सावली मरते, आणि सावलीबरोबर रेषाही.

आता कायद्याकडे वळू. देवता ही विधिज्ञांच्या दृष्टीने व्यक्ती आहे. प्रिव्ही कौन्सिलने १९२५ साली कलकत्त्याच्या मलिक घराण्याच्या वादात हे तत्त्व स्पष्टपणे मांडले. देवतेची मालमत्ता सांभाळणारा हा धनी नव्हे. अज्ञानाच्या पालकाप्रमाणे त्याने ती राखावयाची असते. आमचा युक्तिवाद एवढाच की, शेतजमीन जर देवस्व आहे तर प्रमाणही देवस्वच आहे. ‘प्रमाण’ या शब्दाचे मराठीत दोन अर्थ आहेत, माप आणि पुरावा. जुन्या देवळाचे माप हाच त्याच्या कर्त्याच्या हेतूचा पुरावा असतो, आणि पुरावा नष्ट करणे कोणत्याही न्यायालयात भूषणावह मानीत नाहीत.

यावर एक सबळ आक्षेप येईल. देऊळ म्हणजे पदार्थसंग्रहालय नव्हे. ते जिवंत आहे, आणि जीर्णोद्धार हे शास्त्रविहित पुण्यकर्म आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. गोमंतकातील आपल्या देवतांना सोळाव्या शतकात मूळ स्थाने सोडावी लागली. पुढे अंत्रुज महालात जी मंदिरे उभी राहिली त्यांवर घुमट आले, पुढे दीपस्तंभ आले. तो बदल होता, पण बेतालपणा नव्हता. घुमट, दीपस्तंभ, तळी आणि अग्रशाळा यांनी मिळून नवी लय सिद्ध केली. त्याच गोमंतकात तांबडी सुर्ल येथील कदंबकालीन महादेवाचे काळ्या दगडाचे देऊळ जुन्या लयीत उभे आहे. दोन्ही सुंदर, कारण दोन्हींत कर्त्याने आधी संपूर्णाचा विचार केला आणि मग भागाचा. आमचा विरोध नवतेला नाही. जुन्या संपूर्णावर विचार न करता चिकटविलेल्या तुकड्याला आहे.

परंतु देणाऱ्याच्या भक्तीचे काय? एखादी वृद्धा आयुष्याची शिल्लक घेऊन येते आणि यजमानांच्या स्मरणार्थ फरशी बसवा म्हणते. तिला ‘आपणांस अभिरुची नाही’ असे सांगणे हे पाप, आणि तिच्या पैशाने देवाचे पीठ बुजविणे हीही हानीच. येथे विश्वस्तांचे कर्तव्य देणगी नाकारण्याचे नसून तिला योग्य वाट दाखविण्याचे आहे. छपरातील गळती, भिंतीत रुजलेला पिंपळ, पावसाचे पाणी वाहून नेणारी मोरी, नंदादीपाचे तेल, ह्या सेवा डोळ्यांत भरत नाहीत, पण देऊळ त्यांवरच टिकते. नामफलक लावावयाचाच असेल तर तो अग्रशाळेत लावावा.

उणकलच्या देवालयास पुरातत्त्व खात्याचे संरक्षण आहे. १९५८ चा अधिनियम आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार अशा स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामास मनाई आहे व त्यापुढील २०० मीटरांत ते नियंत्रित आहे. तथापि येथे वस्तीची घरे देवळाच्या अगदी जवळ आलेली आहेत. अवकाश हेही कलेचे एक अंग आहे. चारही दिशांना मुख असलेल्या देवळास चारही दिशांना मोकळीक हवी, हे खरे. पण त्या घरांत माणसे नांदत आहेत. देवाला मोकळा श्वास मिळावा म्हणून दुसऱ्याचा निवारा पुरेशा मोबदल्यावाचून आणि पर्यायी घरावाचून जाणे, हे चतुर्मुख देवासमोर एका बाजूला पाठ फिरविण्यासारखेच होईल. समतोलाचे तत्त्व दगडांना लागू करावे आणि माणसांना करू नये, असे चालणार नाही.

आणि कायद्याची धाव तरी केवढी? देशात केंद्र सरकारने संरक्षिलेली स्मारके सुमारे ३,७०० आहेत. गावोगावची उरलेली देवळे केवळ गावकऱ्यांच्या आणि विश्वस्तांच्या विवेकावर सोपविलेली आहेत. संविधानाच्या ५१-क अनुच्छेदाने आपल्या संमिश्र संस्कृतीचा वारसा जतन करणे हे नागरिकाचे कर्तव्य म्हटले आहे. पण त्या कर्तव्याचा भंग झाला म्हणून आपल्यावर खटला भरला जात नाही. जेथे खटला नाही तेथेच नीतीची खरी परीक्षा असते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. ज्या देवस्थानात जीर्णोद्धाराचा ठराव यावयाचा असेल, तेथे ठरावापूर्वी जाणकाराकडून देवळाचे माप घ्यावे, आराखडा काढावा, प्रत्येक द्वाराचे व खांबाचे छायाचित्र घ्यावे, आणि हे सर्व दागिन्यांच्या यादीसोबत त्याच वहीत बांधून ठेवावे. पुढील वर्षी हिशेबतपासणीच्या वेळी समया मोजून झाल्या की कोणी तरी उठून गाभाऱ्याच्या द्वाराची उंचीही मोजावी.