पोर्ट रॉयलचे मंदिर आणि शिलोहाचा बुरूज

एखाद्या गावावर अरिष्ट कोसळले म्हणजे “त्यांनी असे कोणते पाप केले होते?” हा प्रश्न लोकांच्या मुखी येतोच. 1993 साली किल्लारीच्या धरणीकंपात दगडमातीच्या भिंतींखाली हजारो जीव गेले, तेव्हाही तो आला. पुष्कळदा विचारणाऱ्याने उत्तर आधीच ठरविलेले असते. अशाने जमेका बेटावरील पोर्ट रॉयल गावच्या ख्रिस्तमंदिराचा इतिहास अवश्य पाहावा.

पोर्ट रॉयल हे समुद्रात शिरलेल्या वाळूच्या लांब पट्ट्याच्या टोकावर इंग्रजांनी वसविलेले बंदर. समुद्रलुटारूंचा पैसा तेथे खेळत असे आणि दारूच्या गुत्त्यांसाठी त्याची दूरवर अपकीर्ती होती. एमॅन्युएल हीथ हे तेथील पाळक. ता. 7 जून 1692 रोजी दुपारच्या सुमारास ते मंदिरातील प्रार्थना आटोपून कौन्सिलच्या अध्यक्षांबरोबर भोजनापूर्वी बसले होते. इतक्यात भूमी हालू लागली, आणि थोड्याच वेळात मंदिर व त्याचा मनोरा पडल्याचा आवाज आला. सुमारे दोन तृतीयांश गाव समुद्रात गेले. त्या दिवशी सुमारे 2000 माणसे मेली, व पुढे रोगराईने तितकीच आणखी. हीथ यांनी रस्त्यातच लोकांना गोळा करून त्यांच्यासह गुडघे टेकविले. पुढे त्यांनी पत्रात लिहिले की, हा अधर्मी लोकांवर आलेला देवाचा न्याय होय.

त्यांच्या धैर्याला आपण मान द्यावा. निष्कर्ष मात्र मला मान्य करवत नाही. त्या गावात आफ्रिकेतून बळाने आणलेले दास होते, तान्ही मुले होती. गुत्त्यांचा नफा त्यांच्या पदरी कधी पडला? उलट, त्याच रात्री पडक्या घरांत शिरून लूट करणारे लोक धडधाकट जिवंत होते. ओल्या वाळूला जोराचा हादरा बसला म्हणजे ती चिखलासारखी पातळ होते, आणि तिच्यावर तर विटांची जड, मजल्यांवर मजले चढविलेली घरे उभी होती. वाळूने पापी व नीतिमान असा भेद केला नाही. शिलोहाचा बुरूज पडून मेलेले अठरा जण इतर यरुशलेमकरांहून अधिक अपराधी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले (लूक 13), आणि प्रश्नाचे तोंड विचारणाऱ्यांकडेच फिरविले.

वाचलेल्या पुष्कळ लोकांनी खाडीपलीकडे किंग्स्टन वसविले. लुटारूंचे गाव मागे टाकून आलेली ती वस्ती. तरी 14 जानेवारी 1907 रोजी धरणीकंप व आग यांनी तीही उद्ध्वस्त झाली, आणि तेथील पॅरिशचे मंदिर पडले. ते 1911 पर्यंत पुन्हा उभे राहिले.

जो मेला तो पापी, हे म्हणणे जसे फोल, तसेच जो वाचला तो पुण्यवान, हेही. लुई गाल्डी हा फ्रान्सातील माँपेलिए येथील प्रॉटेस्टंट, धर्मासाठी देश सोडून आलेला. 1692 मध्ये भूमीने त्याला गिळले आणि दुसऱ्या हादऱ्याने समुद्रात फेकले. होडी येईपर्यंत तो पोहत राहिला. पुढे तो मोठा व्यापारी झाला. 1725-26 मध्ये सेंट पीटरचे सध्याचे मंदिर बांधले गेले, तेव्हा तो त्याचा वॉर्डन होता. परंतु त्याच्या व्यापारात दासांची खरेदीविक्रीही होती. देवाने समुद्रातून काढलेला मनुष्य इतरांना बेड्या घालून समुद्रापार आणलेले पाहतो, विकतो, आणि रविवारी मंदिरात पुढच्या बाकावर बसतो! या गोष्टीपुढे मला धरणीकंपाचे कोडे सोपे वाटते.

तो 1739 साली, वयाच्या 80 व्या वर्षी वारला. त्याची कबर आज त्याच मंदिराच्या आवारात आहे. त्याची सुटका देवाच्या कृपेने झाली व तो सर्वांना प्रिय होता, असे शिळेवर कोरले आहे. त्याने विकलेल्या माणसांविषयी तिच्यावर एक अक्षरही नाही.