कोंडलेल्या जिवाचं देणं

फिशटँकमधल्या गोल्डफिशचा डोळा सुजून खोबणीबाहेर आला, किंवा त्यावर दुधी पडदा चढला, की घरात सहसा दोनच वाक्यं ऐकू येतात. एक, ‘बिचारा, काहीतरी औषध टाका’. दुसरं, ‘घरावरचं संकट त्याने स्वतःवर घेतलं’. या दुसऱ्या वाक्यामागे वास्तुशास्त्राच्या नावाने पसरलेली समजूत आहे. अरोवाना किंवा फ्लॉवरहॉर्न हे मासे पुष्कळदा याच आशेने घरात आणले जातात. पहिलं वाक्य दयेचं, दुसरं श्रद्धेचं. मला दोन्ही अपुरी वाटतात, कारण दोन्हींत माशाचं दुखणं आपल्याशी संबंध नसलेल्या कुठूनतरी आलेलं आहे असं धरून चाललेलं असतं. आपण कोंडून ठेवलेल्या जिवाच्या आजारात आपण देणेकरी असतो, आणि ते देणं फेडण्याची सुरुवात औषधाच्या बाटलीपासून होत नाही, निदानापासून होते, असं माझं म्हणणं आहे.

निदानाची रीतच हे दाखवून देते. एकच डोळा सुजला असेल तर बहुधा इजा झालेली असते: जाळीचा ओरखडा, सजावटीच्या दगडाची धार, सोबतच्या माशाने घेतलेला चावा. दोन्ही डोळे एकदम बाहेर आले तर डोळ्यापलीकडे पाहावं लागतं. मूत्रपिंड निकामी होऊन अंगात पाणी साठलेलं असू शकतं, जीवाणूंचा संसर्ग सर्वांगात पसरलेला असू शकतो. बुबुळावरचा धुरकटपणा वेगळा आणि आतल्या भिंगाचा मोतीबिंदू वेगळा. पहिल्यात संशय आधी पाण्यावर जातो. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. नदीत तो वाहून जातो. टाकीत मात्र त्याचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करणारे जीवाणू फिल्टरमध्ये रुजलेले असावे लागतात, आणि नव्या टाकीत ते नसतात. पाण्याचा सामू आणि तापमान वाढलं की तोच अमोनिया अधिक विषारी होतो. गोल्डफिशच्या डोळ्याला पापणी नाही, त्यामुळे हे सारं त्याला उघड्या डोळ्याने सोसावं लागतं. म्हणून जाणकार आधी पाणी तपासतात, क्लोरीन काढलेल्या ताज्या पाण्याने टाकीतलं पाव हिस्सा पाणी बदलतात, सूज असेल तर मापून एप्सम सॉल्ट देतात, आणि संसर्गाची खूण दिसली तरच वेगळ्या टाकीत प्रतिजैविक. कारण ते मूळ टाकीत ओतलं तर फिल्टरमधले उपयोगी जीवाणूही मरू शकतात. भिंगात शिरणारा डिप्लोस्टोमम हा परजीवी कृमी मात्र टाकीबाहेरून येणारा अपवाद. त्याला आयुष्य पुरं करायला गोगलगाय, मासा आणि पाणपक्षी असे तिघे लागतात, म्हणून तो उघड्या तळ्यातून येतो, घरातल्या टाकीत त्याची साखळी तुटते. बाकीच्या बहुतेक कारणांपाशी पोचावं तर तिथे आपलाच हात सापडतो.

जैन आचार्य उमास्वातींच्या तत्त्वार्थसूत्रात गृहस्थाच्या अहिंसाव्रताचे पाच अतिचार, म्हणजे दोष, दिले आहेत: बांधून ठेवणं, मारहाण, अवयव छेदणं, अति ओझं लादणं आणि अन्नपाणी रोखणं. कोंडण्याचा दोष त्यात पहिला येतो. ही यादी जीव न घेणाऱ्या माणसासाठी आहे, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मारलं नाही एवढ्याने तो सुटत नाही. शतपथ ब्राह्मणातल्या मनूच्या हाती आलेला लहानसा मासा रक्षण मागतो, तेव्हा मनू त्याला घटात ठेवतो, मोठा झाल्यावर खड्ड्यात, आणि शेवटी समुद्रात नेतो. तिथे रक्षण म्हणजे वाढत्या जिवाला पुरेल एवढं पाणी देत राहणं. शोभेच्या काचेच्या भांड्यात गोल्डफिश ठेवणाऱ्याने ही कथा पुन्हा वाचावी.

माशाला वेदना होतच नसतील तर देणं कसलं, हा आक्षेप गंभीर आहे. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये रेनबो ट्राउटच्या ओठांत ॲसेटिक आम्ल टोचलं, तेव्हा ते मासे ओठ खड्यांवर घासू लागले, अंग झुलवू लागले. मॉर्फिन दिल्यावर ही लक्षणं कमी झाली. ब्रायन की यांनी 2016 मध्ये याउलट मांडलं की जाणिवेच्या वेदनेला लागणारी मेंदूची रचनाच माशात नाही. वाद मिटलेला नाही, आणि मासा खरोखर काहीच भोगत नसेल तर माझ्या युक्तिवादाचा बराच भाग कोसळतो, हे मी मान्य करतो. पण संशयाचा फायदा कोणी घ्यायचा? ज्याने कोंडलं त्यानेच तो घ्यावा, हे मला न्यायाचं वाटत नाही.

संकट अंगावर घेतल्याच्या समजुतीला उत्तर आपल्याच परंपरेत आहे. कर्माचं फळ ज्याचं त्याने भोगायचं, ही जैन विचाराची तर पायाभूत भूमिका. मग मालकाची साडेसाती माशाच्या डोळ्यात कशी उतरेल? ‘त्याचंच प्रारब्ध’ म्हणूनही सुटका नाही; त्याचं प्रारब्ध काहीही असो, पाणी न बदलण्याचं कर्म आपलं आहे. या समजुतीचा खरा तोटा असा की ती मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणते आणि अमोनिया तसाच ठेवते. बाजारातलं पापलेट खाणाऱ्याने गोल्डफिशची काळजी करणं ढोंग आहे, असंही म्हणतात. खाण्याचा प्रश्न आहेच, कदाचित अधिक कठोर, पण एक देणं थकलं म्हणून दुसरं माफ होत नाही. आणि ‘मग नदीत सोडून मोकळं करा’ ही जीवदया नव्हे. टाकीतला मासा आपल्याबरोबर रोग नेऊ शकतो. शोभेसाठी आणलेला सकर मासा आपल्या जलाशयांत पसरून स्थानिक माशांच्या आणि मच्छीमारांच्या मुळावर आला आहे.

राहतो सगळ्यात अवघड भाग. टेलिस्कोप जातीच्या गोल्डफिशचे डोळे पुढे आलेले असतात, बबल-आय जातीच्या डोळ्यांखाली द्रवाने भरलेल्या नाजूक पिशव्या लोंबतात. हे रोग नाहीत. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून घडवलेली ती रूपं आहेत. त्यांना नीट दिसत नाही, खाण्याच्या चढाओढीत ते मागे पडतात, पिशवी धारदार वस्तूला लागून फुटते. इथे पाणी कितीही स्वच्छ ठेवलं तरी देणं फिटत नाही, कारण दुखणं जन्मतःच अंगात घातलेलं आहे. घरात असलेल्या अशा माशाला गुळगुळीत तळ, मंद प्रवाह आणि त्याच्यासारखेच सावकाश सोबती द्यावेत. दुकानात मांडलेला मात्र विकत घेऊ नये, कारण मागणी आहे तोवर ही पैदास चालूच राहील.