जास्त दिवस कामाला जावे की नको?



मागच्या कापूस वेचणीच्या हंगामात एका रविवारी मी प्रवचनात श्रमाच्या महतीबद्दल बोललो होतो. देवाने माणसाला हात दिले ते काम करण्यासाठी, फुकटचे खाणारा स्वतःचेच नुकसान करतो, असे बरेच काही सांगितले. मिस्सा संपल्यावर सगळे पांगले, पण एक विधवा बाई दाराशी थांबून राहिली. घरी ती आणि शाळेत जाणारी मुलगी, एवढेच कुटुंब. ती म्हणाली, "फादर, तुमी म्हणता काम करा. मी त करतोच. पण जास्त दिवस कामाले गेली त निराधारचे पैसे बंद होतीन म्हणते. मंग सांगा, जाऊ का नोको जाऊ?"

मी चटकन म्हणालो, "जा बाई, कष्टाला देव फळ देतो." ती मान हलवून निघून गेली. रात्री मात्र मला झोप लागेना. मी उत्तर दिले खरे, पण हिशोब केला नव्हता. सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना आमचे शिक्षक सांगत की आधी वस्तुस्थिती पाहा, मग न्याय सांगा. मी उलटे केले होते. म्हणून कागद घेऊन बसलो.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत महिन्याला १,५०० रुपये मिळतात. पूर्वी ६०० होते, २०१९ मध्ये १,००० झाले आणि २०२३ मध्ये १,५००. म्हणजे वर्षाचे १८,००० रुपये. या बाईचे नाव दारिद्र्यरेषेच्या यादीत नाही, म्हणून तिला उत्पन्नाचा दाखला द्यावा लागतो, आणि कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा आहे वर्षाला २१,००० रुपये. रोजगार हमीची मजुरी २०२५-२६ मध्ये महाराष्ट्रात दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. तोच दर धरू. ६७ दिवस काम केले तर २०,९०४ रुपये होतात. त्यात अनुदानाचे १८,००० मिळवले की ३८,९०४. आता ती अडुसष्टाव्या दिवशी कामाला गेली, तर मजुरी होते २१,२१६. मर्यादा ओलांडली, अनुदान गेले. एका दिवसाच्या मजुरीपायी सुमारे साडेसतरा हजारांचे नुकसान. १०० दिवस राबली तर हातात ३१,२००. पूर्वीइतके पैसे परत हाती यायला तिला १२५ दिवस काम करावे लागते. तेव्हा होतात ३९,००० रुपये. म्हणजे जादा ५८ दिवस उन्हात उभे राहायचे आणि वर्षाअखेरी पदरात पडायचे ९६ रुपये! पुढे आणखी एक पायरी आहेच. ग्रामीण भागात रेशनच्या प्राधान्य यादीसाठी ४४,००० रुपयांची मर्यादा आहे. १४२ व्या दिवशी तीही ओलांडली जाते.

कोणी म्हणेल, निराधारचे गेले तर लाडकी बहीण आहे. जुलै २०२४ पासूनच्या त्या योजनेतही १,५०० रुपयेच मिळतात, पण तिथे उत्पन्नाची मर्यादा अडीच लाख आहे. मात्र दुसऱ्या सरकारी योजनेतून १,५०० रुपये मिळणारीला ती योजना लागू नाही, म्हणून या बाईने अर्जच केला नव्हता, आणि अर्जाची मुदत ऑक्टोबर २०२४ मध्ये संपली. एकाच राज्यात, तेवढीच रक्कम देताना, एकीला २१,००० ची मर्यादा आणि दुसरीला अडीच लाखांची. मर्यादा वाढवता येतच नाही, असे यापुढे कोणी सांगू नये.

हिशोब समजला. आता न्यायाकडे वळू. माझ्यापुढे तीन प्रश्न होते.

पहिला प्रश्न : जास्तीचे काम नाकारणारी ही बाई आळशी ठरते का? संत पौलाने थेस्सलनीकाकरांना लिहिताना काम न करणाऱ्यांची कानउघाडणी केली आहे, आणि हा उतारा गरिबांना ऐकवायला आपल्याला फार आवडतो. पण पौल बोलतो ते काम करायची इच्छाच नसलेल्यांबद्दल. या बाईची इच्छा आहे, तिच्या हातांना घट्टे आहेत. ती फक्त विचारते आहे की या कष्टाने माझ्या मुलीच्या ताटात भाकर वाढेल की कमी होईल. याला आळस म्हणत नाहीत, विवेक म्हणतात. चार मुख्य सद्गुणांत ख्रिस्तसभेने विवेकाला पहिले स्थान दिले आहे. मुलीच्या तोंडचा घास कमी करून केलेले काम केवळ काम आहे म्हणून पवित्र होत नाही. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ च्या श्रमावरील विश्वपत्रात हाच क्रम लावून दिला : काम माणसासाठी आहे, माणूस कामासाठी नव्हे.

तरी काम म्हणजे फक्त पैसे असेही नाही. चार बायांसोबत शेतात जाणे, स्वतःच्या कमाईचे वही-पेन मुलीच्या हातात देणे, याची किंमत कागदावर मांडता येत नाही. आणि काही कामे पुढे नेणारी असतात. शिवणकाम शिकायला मिळत असेल, बारमाही नोकरी लागत असेल, तर पहिल्या वर्षी तोटा सोसूनही उंबरठा ओलांडावा. पण तो तोटा एकट्या बाईने सोसावा असे म्हणणे सोपे आहे. शेजाऱ्यांनी आणि धर्मग्रामाने त्यात वाटा उचलायला हवा.

दुसरा प्रश्न अवघड आहे. काम करावे आणि दाखल्यावर मात्र २१,००० च लिहून आणावेत, हे चालेल का? आपण एकमेकांपासून काय लपवायचे? आपल्या भागात अनेकांच्या दाखल्यावर हाच आकडा असतो, हे सर्वांना ठाऊक आहे. संत ऑगस्टीन म्हणत की खोटे कोणत्याही कारणाने बोलू नये. संत थॉमस अक्वायनस यांनीही खोट्याला कधी चांगले म्हटले नाही, पण दुसऱ्याचा घात करण्यासाठी बोललेले खोटे आणि कोणाच्या भल्यासाठी बोललेले खोटे यांच्या दोषात त्यांनी फरक केला. त्यांनीच हेही शिकवले की जिवावरच्या गरजेत माणसाने जगण्यापुरते घेतले तर ती चोरी नव्हे, कारण पृथ्वीचे दान सर्वांसाठी आहे. म्हणून मी त्या बाईला चोर म्हणणार नाही. ज्याच्याकडे ओलिताची शेती आहे, मुलगा मुकुटबनच्या सिमेंट कारखान्यात पगारावर आहे आणि तरी तोच दाखला आहे, त्याची गोष्ट वेगळी. तो खऱ्या निराधाराची जागा अडवतो. त्याने आपल्या विवेकबुद्धीला विचारावे, आणि हे मी प्रेमाने पण स्पष्ट सांगतो.

पण गरिबाच्या खोट्यालाही किंमत असते. एक तर ती बाई कायमची भीतीत राहते. कोणीही दलाल येऊन "नाव कळवीन" म्हणतो आणि तिच्याकडून पैसे उकळतो. दुसरे असे की २१,००० चा प्रत्येक खोटा दाखला सरकारदरबारी एक साक्ष देतो. तो सांगतो की माणसे २१,००० मध्ये वर्ष काढू शकतात. मग मर्यादा वाढवायची गरज कोणाला वाटेल? आपण आपल्याच विरुद्ध साक्ष देत असतो.

तिसरा प्रश्न : मग मदत कशी असावी? इथे मला रूथची गोष्ट आठवते. मोशेच्या नियमशास्त्रात शेतकऱ्याला सांगितले होते की कापणी करताना शेताच्या कडा सोडाव्यात, पडलेली कणसे उचलू नयेत, ती गरीब, विधवा, परके यांच्यासाठी आहेत. आपल्याकडे ज्याला सरवा म्हणतात तोच हा. विधवा रूथ बवाजाच्या शेतात सरवा वेचायला गेली आणि संध्याकाळपर्यंत वेचत राहिली. बवाजाने काय केले? "हिने पुरेसे वेचले, आता हाकला" असे तो म्हणाला नाही. उलट गड्यांना सांगून त्याने तिच्यासाठी पेंढ्यांतून मुद्दाम कणसे टाकायला लावली. ती जितकी राबली तितके तिला जास्त मिळाले. त्या मदतीत तिचे कष्टही होते आणि मानही होता, आणि कष्ट वाढले म्हणून मदत आटली नाही.

याच्या उलट उदाहरण इंग्लंडचे. १७९५ मध्ये तिथल्या स्पीनहॅमलंड गावी न्यायाधीशांनी भाकरीच्या भावावर मजुराचे किमान उत्पन्न ठरवले, आणि कमी पडेल तेवढे धर्मादाय निधीतून द्यायचे ठरले. हेतू चांगला होता. पण जास्त कमावले की मदत तेवढीच कमी होई, आणि मालकांनाही मजुरी वाढवायचे कारण उरत नसे. पुढे दोष मात्र गरिबांच्या आळसावर ठेवला गेला, आणि १८३४ च्या कायद्याने त्यांना कोंडवाड्यासारख्या श्रमगृहांची वाट दाखवली. आज त्याच देशात कमाई वाढली तर मदत एकदम तुटत नाही, ठरावीक कमाईपुढे रुपयाला ५५ पैसे या प्रमाणात ती कमी होते. हेही फार उदार नाही, पण तिथे पायरीऐवजी उतार आहे. म्हातारा माणूस उतारावरून सावकाश चालू शकतो, तुटलेल्या पायरीवरून पडतो.

आपल्या महाराष्ट्राने तर यात जगाला वाट दाखवली आहे. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी उभी राहिली, आणि २६ जानेवारी १९७९ पासून तिचा कायदा अमलात आला. मागेल त्याला काम, हा गरिबाच्या हातांवरचा विश्वास होता. एका हाताने काम द्यायचे आणि ते केले म्हणून दुसऱ्या हाताने पेन्शन काढून घ्यायची, हे त्या विचाराशी जुळत नाही.

मग आपण काय करू शकतो? आपल्यापैकी जे वेचणीला, निंदणीला बाया लावतात, त्यांनी मजुरी वेळेवर आणि पुरती द्यावी. सरकारी पैसे मिळतात म्हणून तिला कमी दिले तरी चालते, असा हिशोब करू नये. आपल्या तालुक्यातील अनेक गावे पेसाखाली येतात. १९९६ च्या त्या कायद्याने गरिबीच्या योजनांचे लाभार्थी निवडण्यात ग्रामसभेला अधिकार दिला आहे. तिथे उठून खरा आकडा सांगावा, आणि मर्यादा वाढवण्याचा ठराव मांडावा. एकट्याने खरे सांगितले तर पेन्शन जाते, पण गावाने मिळून सांगितले तर कदाचित ऐकले जाईल.

पुढच्या रविवारी मी त्या बाईला थांबवून घेतले आणि माझे आधीचे उत्तर घाईचे होते हे कबूल केले. कागदावरचा हिशोब दाखवला. ती बराच वेळ आकड्यांकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "म्हंजे मी आळशी नाई ना, फादर?"

इतक्या दिवसांत तिला एवढेच ऐकायचे होते. आणि त्याआधीच्या रविवारी वेदीवरून मीच तिला त्या संशयात टाकले होते.

प्रभू येशू सुताराच्या घरी वाढला, त्याला मजुरीचा भाव ठाऊक आहे. दुसऱ्याच्या कष्टाबद्दल बोलण्याआधी त्याचा हिशोब समजून घेण्याची नम्रता तो आपल्या सर्वांना, आणि प्रथम मला, देवो, हीच प्रार्थना.

आपला,
धर्मगुरू