अर्ध्या किलोमीटरची सुट्टी

लक्षद्वीपमधलं कदमत बेट उत्तर-दक्षिण आठ-नऊ किलोमीटर लांब आहे आणि सर्वांत रुंद जागीही अर्ध्या किलोमीटरहून थोडंसंच जास्त रुंद. माडांच्या सावलीतली आडवी वाट धरली की या किनाऱ्यावरून त्या किनाऱ्यावर पोचायला दहा मिनिटं पुरतात. पूर्वेला प्रवाळाची भिंत जवळजवळ काठाला लागून आहे, त्यामुळे लाटा तिथेच फुटतात आणि गाज रात्रभर ऐकू येते. पश्चिमेला ती भिंत दूरवर आहे. तिच्या अलीकडे कंबरभर, छातीभर पाण्याचं लगून पसरलेलं आहे, आणि त्यात लाट जवळपास नसतेच. दक्षिणेकडे बेट निमुळतं होत जातं. त्या टोकाशी उभं राहिलं की दोन्ही बाजूंचं पाणी एका नजरेत मावतं. पहिल्या संध्याकाळी सायकल घेऊन निघालं तर दिवेलागणीपर्यंत बेट पाहून संपतं.

हे ‘संपणं’ हीच अशा सुट्टीतली सगळ्यांत मोलाची गोष्ट आहे, असं मला वाटतं.

छोट्या बेटावर मन का विसावतं याची उत्तरं आपल्याकडे तयार असतात: निळं पाणी, शांतता, कामापासूनचं अंतर. यातलं प्रत्येक उत्तर अपुरं आहे. समुद्र आपल्या कोकणातही आहे. शांतता एखाद्या आडगावातही मिळते. आणि अंतराचं म्हणाल, तर जानेवारी 2024 मध्ये कोचीहून समुद्राच्या तळावरून आलेली ऑप्टिकल फायबर केबल लक्षद्वीपमध्ये सुरू झाली. आता कार्यालयातला माणूस तुम्हाला तिथेही गाठू शकतो. नेटवर्क नसल्यामुळे येणारी विश्रांती तशीही उसनी असते. ती फोन बंद करून घरातही मिळायला हवी होती, आणि ती मिळत नाही हे आपण सगळेच जाणतो.

आपल्या एरवीच्या सुट्ट्या थकवणाऱ्या का होतात? कारण मुख्य भूमीवरच्या प्रत्येक ठिकाणाला शेजारचं ठिकाण असतं. महाबळेश्वरला एक पॉइंट झाला की दुसरा खुणावतो, तो झाला की पाचगणी, मग परतीच्या वाटेवर वाई. ‘एवढं आलोच आहोत तर’ या शब्दांनी सुरू होणारं वाक्य कुटुंबातलं कोणी ना कोणी म्हणतंच, आणि गाडी पुढे निघते. जे पाहिलं नाही त्याची चुटपुट, जे पाहिलं त्याच्या मनात बसलेल्या ठशापेक्षा जास्त टिकते. निवड करत राहणं हेही कामच आहे. आपण कामावरून निघतो आणि सुट्टीभर निवडीच्या कामावर रुजू होतो. कदमतसारखं बेट हे काम काढून घेतं. पुढचं ठिकाण म्हणजे समुद्र. शेजारच्या अमिनीला जायचं तर बोट मिळायला हवी, त्याचा परवाना असायला हवा, हवामान जुळायला हवं. जाण्याचा विचार तिथेच थांबतो आणि माणूस जिथे आहे तिथे राहतो.

मग काय होतं? नजर खाली येते. दुसऱ्या दिवशी तेच लगून ओहोटीच्या वेळी पाहिलं की काल न दिसलेल्या गोष्टी दिसू लागतात: वाळूत काळपट पडलेल्या समुद्रकाकड्या, उथळ पाण्यात एका पायावर ताटकळणारा बगळा, आपल्या सावलीने सैरभैर होणारी पिल्लांची झुंड. दिवसाचे तुकडे घड्याळाऐवजी पाण्यावरून पडू लागतात. उधाणाच्या दिवसांत पाणी किती आत येतं, भांगाच्या दिवसांत किती कमी हलतं, हे कोणी न सांगता अंगवळणी पडतं. एकच जागा पुन्हा पुन्हा पाहण्यात एक ओळख तयार होते. अशी ओळख पंचवीस जागा एकेकदा पाहून होत नाही. कदमतवरच्या दिवसांत मला मिळालेला सगळ्यांत मोठा दिलासा हाच होता: काही राहून गेलं नव्हतं.

बेटाच्या या मर्यादेची माती, म्हणजे खरं तर वाळू, कुठून आली हे समजून घेण्यासारखं आहे. भूगोलाच्या पुस्तकात आपण ‘कंकणद्वीप’ हा शब्द पाठ केलेला असतो. समुद्रातला ज्वालामुखीचा डोंगर हळूहळू खचत जातो. त्याच्या काठाने वाढणारे प्रवाळ मात्र उजेडासाठी वर वर वाढत राहतात. शेवटी डोंगर पाण्याखाली जातो आणि प्रवाळांचं कडं उरतं. चार्ल्स डार्विनने 1842 साली हे मांडलं. लक्षद्वीपची बेटं अशा कड्यांवर आणि प्रवाळभिंतींवर साचलेल्या वाळूची आहेत. या वाळूतला मोठा वाटा जिवंत प्राण्यांचा आहे. पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडतो, त्यावरचं शेवाळ पचवतो आणि दगडाचा भुगा विष्ठेतून बाहेर टाकतो. आपण ज्या पांढऱ्याशुभ्र किनाऱ्यावर पाय पसरून बसतो, तो अशा असंख्य जिवांनी शतकानुशतकं घडवलेला आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची बहुतेक ठिकाणी एक-दोन मीटर. भिंत जिवंत आहे तोवर लाटा बाहेर थांबतात आणि वाळूचा पुरवठा चालू राहतो. 1998, 2010 आणि 2016 या वर्षांत समुद्राचं पाणी तापलं, लक्षद्वीपचे प्रवाळ पांढरे पडले आणि मोठ्या प्रमाणावर मेले. दोन घटनांमधल्या काळात सावरण्याइतका अवधी त्यांना मिळत नाही, ही काळजी तिथे वर्षानुवर्षं पाण्याखाली काम करणारे अभ्यासक सांगत आले आहेत.

आणि पाणी. लक्षद्वीपमध्ये एकही नदी नाही. पडणारा पाऊस वाळूतून झिरपतो आणि खाली मुरलेल्या खाऱ्या पाण्यावर, आमटीवरच्या तेलाच्या तवंगासारखा, तरंगत राहतो. गोडं पाणी हलकं, खारं जड, एवढ्या साध्या फरकावर बेटावरची प्रत्येक विहीर उभी आहे. हा गोड्या पाण्याचा थर मध्यभागी जाड आणि काठांकडे पातळ असतो. भरती-ओहोटीबरोबर तो वरखाली होतो. पंप लावून भराभर उपसा केला की खालचं खारं पाणी वर चढतं आणि विहीर मचूळ होते. शिवाय बेट जितकं अरुंद, तितका हा थर पातळ. म्हणजे ज्या अर्ध्या किलोमीटरने मला विश्रांती दिली, त्याच अर्ध्या किलोमीटरने बेटावर किती माणसांना पाणी पुरेल हेही ठरवून टाकलेलं आहे. आंघोळीच्या पाण्याची किंचित खारट चव जिभेला लागते तेव्हा हा हिशेब अंगावरून वाहत असतो.

चेन्नईच्या राष्ट्रीय सागरी तंत्रज्ञान संस्थेने यावर एक सुंदर उपाय काढला आहे. समुद्राचं पृष्ठभागावरचं कोमट पाणी कमी दाबाखाली नेलं की त्याची वाफ होते. काही शे मीटर खोलीवरून आणलेल्या थंडगार पाण्याने ती वाफ पुन्हा द्रवरूप करायची, म्हणजे गोडं पाणी मिळतं. कवरत्ती बेटावर असा पहिला प्रकल्प 2005 मध्ये उभा राहिला. कदमतच्या प्रकल्पाचं उद्घाटन जानेवारी 2024 मध्ये झालं आणि त्याची क्षमता दिवसाला दीड लाख लिटर आहे. आकडा मोठा वाटतो. 2011 च्या जनगणनेत कदमतची वस्ती पाच हजारांहून अधिक होती. भागाकार केला तर माणशी तीस लिटरही पडत नाही. पिण्याला आणि स्वयंपाकाला ते पुरेल, बाकी सगळा भार विहिरींवर आणि पावसाच्या साठवलेल्या पाण्यावर. पंप चालवायला वीज लागते, आणि या बेटांवरच्या विजेसाठी मुख्यतः डिझेल जाळलं जातं. तेही समुद्रातूनच यायचं.

पर्यटनाच्या चित्रांतलं बेट नेहमी रिकामं असतं, आणि मला हे चित्र चुकीचंच नाही तर अन्यायाचं वाटतं. लक्षद्वीपचं क्षेत्रफळ 32 चौरस किलोमीटर, लोकसंख्या 2011 मध्ये 64,473. म्हणजे चौरस किलोमीटरला दोन हजारांहून अधिक माणसं. महाराष्ट्रात त्याच वेळी हा आकडा 365 होता. ही बेटं भरलेली आहेत. आपल्याला जी जागा मोकळी भासते ती कुणाच्या तरी माडांची, नारळाची सोडणं भिजत घालण्याची, होड्या ओढून ठेवण्याची जागा असते. आपल्याला विसावा देणारी मर्यादा त्यांच्यासाठी रोजची अडचण असते. पावसाळ्यात समुद्र खवळला की जहाजांचं वेळापत्रक कोलमडतं, आणि गंभीर आजारी माणसाला हेलिकॉप्टरने कोचीला न्यावं लागतं. हे विसरून ‘किती साधं, सुखी जीवन’ असं म्हणणं मला पटत नाही.

मात्र मर्यादेत राहण्याच्या ज्या रीती त्यांनी घडवल्या, त्यांत आदराने पाहावं असं खूप आहे. मानववंशशास्त्रज्ञ लीला दुबे यांनी कल्पेनी बेटावरच्या समाजाचा अभ्यास केला आणि ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे त्यांचं पुस्तक 1969 मध्ये आलं. इस्लाम पाळणारा आणि त्याच वेळी आईकडून वंश मोजणारा हा समाज. मुलगी लग्नानंतर आपल्या तरवाडातच, म्हणजे मातृकुळाच्या घरातच राहायची आणि नवरा रात्री तिथे यायचा. मालमत्ता दोन तऱ्हांची: तरवाडाची सामाईक ती ‘शुक्रवारची’, स्वतः कमावलेली ती ‘सोमवारची’. शुक्रवारच्या मालमत्तेची व्यक्तीव्यक्तींत वाटणी व्हायची नाही. मला यात बेटाची रुंदी दिसते. चिंचोळ्या जमिनीचे पिढीगणिक तुकडे पाडत गेलं तर काही पिढ्यांत कोणाच्याच वाट्याला धड माड आला नसता.

मासेमारीचंही तसंच. इथला कुपा, म्हणजे टुना, काठीला बांधलेल्या गळाने एकेक करून धरतात. ही मूळ मिनिकॉय बेटावरची पद्धत. आधी लगूनमध्ये बारीक मासे पकडून होडीतल्या पाण्यात जिवंत ठेवायचे, मग बाहेरच्या समुद्रात कुप्याचा थवा दिसला की ते उधळायचे आणि वरून पाणी शिंपडायचं. थवा वर येतो आणि माणसं काठ्यांनी मासे होडीत खेचतात. जाळ्यात नको ते जीव सापडण्याचा प्रश्न जवळपास उरत नाही. पण हे सगळं लगूनमधल्या चाऱ्याच्या बारीक माशांवर अवलंबून आहे, आणि ते मासे प्रवाळांच्या आणि समुद्री गवताच्या आसऱ्याला असतात.

त्या गवताचीच एक गोष्ट या निबंधात मला सांगायलाच हवी. हिरवी समुद्री कासवं या लगूनांत गवत चरायला येतात. कायद्याने त्यांना संरक्षण मिळालं, ही आनंदाची बाब. पण अगत्ती बेटाच्या लगूनमध्ये कासवांची दाटी इतकी झाली की गवताची कुरणं तग धरू शकली नाहीत. तिथलं संपलं तशी कासवं दुसऱ्या लगूनांकडे वळली. कदमतच्या कुरणांचीही तीच गत झाली. गवत गेलं तसे त्यातले मासे गेले, आणि कोळ्यांची कासवांबद्दलची तक्रार अभ्यासकांनी नोंदवली. कुणाच्याही मनात वाईट हेतू नसताना, केवळ आवडत्या जागी फार जण जमल्यामुळे जागा उजाड होते, याचं याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही.

जानेवारी 2024 मध्ये पंतप्रधानांच्या भेटीची छायाचित्रं आली आणि लक्षद्वीपचं नाव देशभर झालं. त्याआधीच, 2023 मध्ये, कदमतवर 110 खोल्यांच्या आलिशान रिसॉर्टची घोषणा झालेली होती. त्यातल्या काही खोल्या थेट लगूनच्या पाण्यावर. बेटवासीयांना रोजगार हवा आहे, तो नको म्हणण्याचा अधिकार मला नाही. तरी पाण्यावर खांब रोवून उभी केलेली खोली ही बेट रुंद करण्याची धडपड आहे, असं मला वाटतं. बेटाचा काठ जिथे येतो तिथे आपण थांबतो, म्हणून तर मन थांबतं. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या न्यायमूर्ती आर. व्ही. रवींद्रन समितीने बेटांच्या विकासात स्थानिक लोकप्रतिनिधींचं म्हणणं लक्षात घेण्यावर भर दिला होता. बाहेरच्यांना इथे यायला आजही परवाना लागतो. या अटीचा अनेकांना जाच वाटतो, मला तिचा आधार वाटतो. त्यासाठी वर्षभर थांबावं लागलं तरी मी आनंदाने थांबेन.

खोल्या किती असाव्यात, हे ठरवताना वर्षाची सरासरी धरून चालणार नाही. बेटावरच्या विहिरी सगळ्यांत जास्त मचूळ होतात त्या पाऊस येण्याआधी, एप्रिल-मेमध्ये. समुद्र तेव्हा शांत असतो आणि आपल्या शाळांच्या सुट्ट्याही नेमक्या तेव्हाच लागतात. कदमतला किती पाहुणे झेपतील याची मोजणी त्या दोन महिन्यांतल्या विहिरींवर व्हायला हवी, आणि ती करताना पोहरा सोडणाऱ्या बायका समोर बसलेल्या असायला हव्यात.