खालच्या टाकीतले आश्रित

मराठी माणसाला ‘संप’ म्हटलं की घोषणा ऐकू येतात. मुंबईकराला तर तारीखसुद्धा आठवते : 18 जानेवारी 1982. त्या दिवशी गिरण्या थांबल्या, आणि तो संप मिटला असं रीतसर कोणी आजवर जाहीर केलेलं नाही. त्यामुळे आमचे चिरंजीव जेवता जेवता म्हणाले, “आई, हॉलमध्ये संप करायचाय,” तेव्हा हिच्या हातातला डाव आमटीतच राहिला.

हा संप म्हणजे टाकी. समुद्रातले मासे घरात पाळायचे, तर एका टाकीवर नीट भागत नाही. काचेची देखणी टाकी वर, आणि तिच्या खाली, स्टँडच्या कपाटात, दार लावून ठेवायची दुसरी. तिला इंग्रजीत संप म्हणतात. ज्या टाकीनं वर्षाचे तीनशे पासष्ट दिवस काम थांबवायचं नाही, तिचं नाव संप! इंग्रजाला विनोदबुद्धी नाही असं कोण म्हणतं?

चिरंजीवांनी काढलेला आराखडा मी पाहिला आहे. आमचं लग्न ठरवताना एवढा बारीक विचार कोणी केला नव्हता. वरची टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, आत दीड फूट पाणी. म्हणजे नऊ घनफूट, सुमारे 255 लिटर. खालची तीन फूट लांब, एक फूट रुंद, सव्वा फूट उंच. काठोकाठ भरली तर 106 लिटर मावतील, पण ती काठोकाठ भरायची नाही. का? तर वीज गेली की पंप थांबतो आणि वरचं पाणी, पाइपाचं तोंड उघडं पडेपर्यंत, खाली येत राहतं. वरची पातळी एक इंच उतरली की चौदा लिटर खाली. दोन इंच उतरली की अठ्ठावीस. तेवढी जागा खाली मोकळी नसेल तर ते पाणी हॉलभर होऊन खालच्या मजल्यावरच्या मंडळींच्या छतातून त्यांच्या सोफ्यावर. थोडक्यात, वरच्यावर संकट आलं की त्याचा भार झेलायला खालच्यानं जन्मभर जागा रिकामी ठेवायची. हे शास्त्र आपल्याला काही नवीन नाही.

दोन्ही टाक्या मिळून पाणी साधारण 330 लिटर, आणि लिटरला 35 ग्रॅम या हिशेबानं मीठ साडेअकरा किलो. समुद्र लोकलनं तासाभरावर असताना मीठ पाकिटातलं आणायचं आणि ते गाळून शुद्ध केलेल्या पाण्यात कालवायचं, कारण आपल्या किनाऱ्याजवळच्या पाण्यात मिठाखेरीज शहराचं बरंच काही मिसळलेलं असतं. “एवढ्या मिठात नातवाच्या मुंजीपर्यंतचं लोणचं झालं असतं,” ही म्हणाली. प्रवाळ मात्र आणायचं नाही असं मी बजावलं. आपल्या समुद्रातली प्रवाळं 2001 सालापासून वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात, म्हणजे थेट वाघाच्या पंगतीला बसली आहेत. हॉलमध्ये वाघ नको. आम्ही दगडांवर भागवणार.

आता खालच्या टाकीतले तीन कप्पे. पहिल्यात वरून सांडलेलं पाणी येतं, पिशवीतून गाळलं जातं, आणि तिथे एक यंत्र बुडबुडे काढून पाण्यातला मळ फेसाबरोबर वर आणतं. गुऱ्हाळात रस उकळताना मळी काढतात ना, त्यातलाच प्रकार. तिसऱ्यात पंप, जो पाणी परत वर पाठवतो. आणि या दोघांच्या मधला जो कप्पा, त्याच्यामुळे माझी झोप उडाली.

त्याचं नाव रेफ्युजियम. लॅटिन शब्द, अर्थ, आश्रयस्थान. ‘रेफ्युजी’ हा त्याचाच भाऊबंद. तो आपण 1947 नंतर शिकलो. त्या वेळच्या कल्याणजवळच्या छावणीचं पुढे उल्हासनगर झालं. शास्त्रज्ञ हिमयुगाच्या संदर्भातही हा शब्द वापरतात : सगळीकडे बर्फ असताना ज्या चार उबदार कोपऱ्यांत झाडं-प्राणी तग धरून राहिले, ते कोपरे म्हणजे रेफ्युजिया. किती सुंदर कल्पना! टाकीतल्या या कोपऱ्यात चिटोमॉर्फा नावाचं शेवाळ वाढवायचं. दिसायला हिरवी घासणी. माशांच्या घाणीतून होणारं नायट्रेट आणि फॉस्फेट ते खाऊन टाकतं, आणि वाढलं की मूठभर उपटून फेकलं म्हणजे घाणही घराबाहेर जाते. त्याच्यावर दिवा लावायचा तो रात्री. वरचा दिवा विझला की खालचा पेटायचा. कारण अंधारात पाण्यात कर्बवायू साठतो आणि पाणी आम्लतेकडे झुकतं. खालचं शेवाळ रात्रपाळी करून ते सावरतं.

आणि त्या शेवाळात, दगडांच्या खाचांत राहतात कोपेपॉड. झिंग्याचे दूरचे नातलग, पण राईच्या दाण्याएवढेही नाहीत. वरच्या टाकीत एकही मासा त्यांना जगू देत नाही. खाली मासा नाही, अंधाराची भीती नाही, खायला भरपूर. दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उभी.

“वा!” मी म्हटलं. “म्हणजे दुबळ्यांसाठी धर्मशाळाच की.”

“धर्मशाळा कसली, बाबा,” चिरंजीव म्हणाले. “मँडरिनसाठी आहे ते.”

मँडरिन हा पॅसिफिकमधला तीन इंची मासा. निळ्या शालूवर केशरी वेलबुट्टी काढावी तसा. हा राजबिंडा दिवसभर दगडांवरून जिवंत कोपेपॉड टिपत हिंडतो. कोरडं खाणं बहुधा तोंडातही घेत नाही. समोर अन्न तरंगत असताना उपाशी मरतो, पण शिळंपाकं खात नाही. म्हणून खाली आश्रम चालवायचा, आश्रितांची भरभराट होऊ द्यायची, आणि त्यांतले उतू जातील ते पंपानं वर पाठवायचे. राजेसाहेबांचं जेवण!

त्या रात्री मी खरंच विचार करत पडलो. आश्रय देणाऱ्याचा आश्रयातच फायदा असेल, तर त्याला आश्रय म्हणायचं का?

आपल्याकडे या विषयातला शेवटचा शब्द शिबी राजाचा. अग्नी कबूतर होऊन त्याच्या मांडीवर आला, इंद्र ससाणा होऊन मागे लागला, आणि शरणागताला सोडायचं नाही म्हणून राजानं स्वतःचं मांस कापून तराजूत टाकलं. आमच्या चिरंजीवांच्या योजनेत राजा कबुतराला पोटाशी धरतो, दाणापाणी घालतो, त्याचा संसार वाढवतो, आणि रोज संध्याकाळी ससाण्याला विचारतो, “आज किती पाठवू?”

पण शिबी एकच. बाकी आपण सगळे चिरंजीवांच्याच जातीचे. पुण्यात गरीब विद्यार्थ्यांना वार लावून जेवायला घालायची पद्धत होती. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या. मोठी माणसं त्या अन्नावर शिकली. पण घालणाऱ्याला पुण्य मिळत होतंच ना? मुलगा पोटभर जेवला आणि यजमानाच्या परलोकातल्या खात्यावर रक्कम जमा झाली. म्हणून काय त्या आमटीत मीठ कमी होतं?

मी स्वतः 1968 साली दादरला आत्याकडे शिकायला राहिलो. दोन खोल्या, माणसं सात, मी आठवा. माझी वळकटी गॅलरीत. आतोबांनी पहिल्याच दिवशी माझ्याकडे पाहून “उंच आहे, हंडा उचलेल,” असं म्हटल्याचं मला आठवतं. पहाटे चारला चाळीच्या नळावर रांग लावायची, रेशन आणायचं, आतेभावाला गणित शिकवायचं. आत्या शेजारणींना अभिमानानं सांगायची, “भाचा आलाय शिकायला.” शेजारणी म्हणायच्या, “बरं झालं हो, पाण्याची सोय झाली.” मी रेफ्युजियममध्ये होतो हे मला तेव्हा माहीत नव्हतं, एवढंच.

आणि आता पाहा. निवृत्त होऊन मुलाकडे राहतो. टाकीतलं पाणी रोज चार-पाच लिटर उडून जाणार. मीठ मात्र मागेच राहतं, म्हणून तेवढं गोडं पाणी रोज घालावं लागतं. “ते कोण घालणार?” असं मी विचारलं, तेव्हा सूनबाई सहज म्हणाल्या, “बाबा आहेतच घरी.”

मराठीतला हा ‘च’ फार खोल आहे. ‘बाबा आहेत घरी’ यात माया आहे. ‘बाबा आहेतच घरी’ यात दूध, पोस्ट, गॅसवाला, नातवाची शाळा आणि आता खाऱ्या पाण्याची टाकी, इतकं सगळं आहे.

कांट नावाच्या जर्मन तत्त्ववेत्त्यानं 1785 साली लिहून ठेवलं की माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये. बहुतेक लोक यातला ‘केवळ’ गाळून टाकतात आणि मग कुणाचा काही उपयोग करून घेतला की त्यांना पाप केल्यासारखं वाटतं. कांटनं तो शब्द उगाच घातलेला नाही. उपयोग करून घ्या; नाहीतर न्हाव्याकडे कसे जाल? फक्त त्या माणसाचं असणं त्या उपयोगापाशीच संपू देऊ नका. कांट हे माणसांबद्दल बोलत होता, कोपेपॉडांबद्दल नव्हे, पण आश्रिताचा हिशेब करायला मला तो पुरतो.

मग ‘केवळ’ आहे की नाही, हे ओळखायचं कसं? चांगल्या दिवसांत ते ओळखू येत नाही. हंडे भरले जात असतात तोवर भाचा आणि गडी सारखेच दिसतात. ओळखायचं ते उपयोग बंद पडतो त्या दिवशी. दादरला दुसऱ्या वर्षी मला विषमज्वर झाला. दोन महिने मी गॅलरीतून उठलो नाही. उठलो नाही म्हणजे उठवलं गेलं नाही, आतल्या खोलीत हलवलं. आतोबा गॅलरीत झोपायला गेले. पहाटे चारला नळावर कोण जात होतं, हे मला हंड्याच्या आवाजावरून कळायचं. आत्याच्या चालण्याला एक लचक होती. तिनं कधी गोड शब्द काढला असेल तर मला आठवत नाही. एकदा पेज भरवताना म्हणाली, “ताप उतरू दे, मग तुझे हंडे तुलाच.” इतका दिलासा मला पुढे कुठल्याही औषधानं दिला नाही. त्या वाक्यात माझा उपयोग होता, आणि तो नसतानाची माझी जागाही होती.

म्हणून आश्रय देणाऱ्याला फायदा होतो का, हा प्रश्नच मी आता सोडून दिला आहे. होऊ दे. फायदा नसलेला आश्रय फार दिवस टिकत नाही, तो चार दिवसांत उपकार होऊन बसतो. आणि उपकाराखाली राहण्यापेक्षा हंडे भरणं बरं. प्रश्न एवढाच : वरचा मँडरिन उद्या मेला, तर खालचा दिवा तुम्ही विझवणार का?

चिरंजीवांना मी हेच विचारलं. ते म्हणाले, “मासा गेला तरी शेवाळ पाणी साफ ठेवतंच की.” हा उपयोगाचाच जबाब झाला. मी म्हटलं, मग मधल्या कप्प्यात दगडांचा एक मोठा ढीग कर, असा की त्याच्या खाचांतून पंपाला कोणी सापडणारच नाही. काहींनी तरी तिथेच जन्मून तिथेच म्हातारं व्हावं. ते हसले. “बाबा, तो असतोच आराखड्यात. मूळ वंश शाबूत राहिला तरच पुरवठा टिकतो.” म्हणजे दयाही हिशेबात बसलेलीच होती. असू दे. ढीग आहे ना, मग तो कोणत्या खात्यावर टाकलाय हे मी विचारत नाही.

पाणी घालायचं काम मी स्वीकारलं आहे. रोज सकाळी, चहानंतर, मोजून. मला ताप आला तर कोण घालणार, तेही विचारून ठेवलंय. सूनबाई म्हणाल्या, “मी घालीन. पण बरे झालात की तुमचं काम तुम्हालाच हं, बाबा.”

त्या दादरच्या नाहीत, पण चाल ओळखीची वाटली.