नाही म्हणता येत होतं का?

1717 साली युरोपात एक सौदा झाला. सॅक्सनीचा सत्ताधीश ऑगस्टस याने आपले 600 घोडदळाचे सैनिक प्रशियाच्या राजाला देऊन टाकले आणि बदल्यात चिनी पोर्सेलीनच्या 151 वस्तू घेतल्या. हिशेब केला तर एका भांड्याला साधारण चार माणसं. त्या सैनिकांची प्रशियात वेगळी रेजिमेंट उभी राहिली आणि लोक तिला ‘पोर्सेलीन रेजिमेंट’ म्हणू लागले. त्यातल्या निळ्या-पांढऱ्या मोठ्या बरण्या आजही ड्रेस्डेनच्या संग्रहालयात दिमाखात उभ्या आहेत.

ही गोष्ट सांगितली की लोक हसतात. काय वेडा राजा! मलाही आधी हसूच येतं. पण मी स्वतः जुनी चिनीमाती जमवते. पुण्याच्या जुन्या बाजारात, मुंबईच्या चोर बाजारात तासन्‌तास उकिडवी बसून बश्या उलट्या करून बघते. बुडाच्या कडेवरून बोट फिरवायचं, टिचकी मारून आवाज ऐकायचा, केसासारखी चीर शोधायची, टवका उडालाय का बघायचं. हा नाद काय असतो ते मला आतून ठाऊक आहे. त्यामुळे ऑगस्टसला मी नुसता वेडा म्हणून सोडून देऊ शकत नाही. त्याचं प्रेम खरं होतं. मग इतक्या खऱ्या प्रेमातून इतकं वाईट काम कसं झालं?

सोपं उत्तर असं की वस्तू निष्पाप असते, दोष माणसाचा. बरणीने थोडंच कुणाला विकलं? हे खरंच आहे. पण बरणी आज कुणाच्या तरी शोकेसमध्ये आहे, आणि ती तिथे ठेवणारा माणूस बरणीसारखा निष्पाप असतोच असं नाही. त्याच्यापर्यंत ती हातोहात आली. त्यातला प्रत्येक हात तपासायला मी एकच प्रश्न वापरते: देणाऱ्याला ‘नाही’ म्हणता येत होतं का?

त्या 600 जणांना येत नव्हतं. त्याच ऑगस्टसच्या पदरी असलेल्या योहान फ्रीडरिश ब्योट्गरलाही येत नव्हतं. हा तरुण किमयागार, सोनं बनवून देतो म्हणायचा. ऑगस्टसने त्याला पकडून कैदेत ठेवलं. सोनं काही बनलं नाही, पण 1708 मध्ये त्या प्रयोगशाळेतून युरोपचं पहिलं कणखर पांढरं पोर्सेलीन निघालं. 1710 मध्ये माइसनचा कारखाना उभा राहिला. चीनने शतकानुशतकं जपलेलं गुपित, काओलिन माती आणि प्रचंड तापवलेली भट्टी, एका कैद्याने उलगडलं. 1719 मध्ये तो वारला तेव्हा त्याचं वय फक्त 37 होतं. माइसनची नाजूक बाहुली हातात घेतो तेव्हा आपण त्याच्या बंद खोलीचंही फळ हातात घेतो.

आता हेच गणित आपल्या घराजवळ आणते. एकोणिसाव्या शतकात मुंबई बंदरातून माळव्याची अफू चीनला जायची. परतीच्या जहाजांतून चहा, रेशीम आणि चिनीमाती यायची. चीनच्या बादशहाने अफूला ‘नाही’ म्हटलं. 1839 मध्ये त्याच्या अधिकाऱ्याने, लिन झेशू याने, जप्त केलेल्या अफूच्या हजारो पेट्या नष्ट केल्या. उत्तर म्हणून ब्रिटिशांच्या युद्धनौका आल्या. दुसऱ्या अफूयुद्धात, 1860 साली, ब्रिटिश आणि फ्रेंच सैन्याने बीजिंगजवळचा युआनमिंगयुआन राजवाडा लुटला, मग ब्रिटिशांनी तो जाळला. म्हणजे इथे ‘नाही’ म्हटलं गेलं होतं, मोठ्याने म्हटलं गेलं होतं. ते ऐकलं गेलं नाही एवढंच.

मग सगळंच टाकून द्यायचं का? नाही. चीनमधल्या जिंगदेझेनच्या भट्ट्यांनी युरोपसाठी ऑर्डरप्रमाणे असंख्य बश्या आणि वाट्या बनवल्या. तिथे घासाघीस होती, दर ठरत होते, सौदा फिसकटूही शकत होता. इंग्लंडमधल्या स्टॅफर्डशरच्या ‘विलो पॅटर्न’च्या बश्या अजूनही जुन्या बाजारात सापडतात. त्यावरच्या पळून जाणाऱ्या चिनी प्रेमिकांची कथा विक्री वाढावी म्हणून इंग्लंडमध्येच रचलेली. खोटी कथा, पण चोरीचा माल नव्हे.

अर्थात तिथेही माझा प्रश्न मला स्वस्थ बसू देत नाही. स्टॅफर्डशरच्या कारखान्यांत लहान मुलं राबत होती, झिलईतल्या शिशाने कामगार आजारी पडत होते. त्यांना ‘नाही’ म्हणता येत होतं, पण म्हटलं तर चूल पेटत नव्हती. म्हणून प्रश्न थोडा बदलावा लागतो: ‘नाही’ म्हणण्याची किंमत किती होती? असं विचारलं की वस्तूंचे ‘शुद्ध’ आणि ‘पापी’ असे दोन सरळ गट पडत नाहीत. एक उतार दिसतो, आणि कुठे थांबायचं ते आपल्याला ठरवावं लागतं.

मला ते दोन वर्षांपूर्वी ठरवावं लागलं. एका विक्रेत्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो पाठवला. निळी-पांढरी वाटी, समुद्राच्या पाण्याने झिलई किंचित मंद झालेली, बुडाला लिलावाचं जुनं स्टिकर. किंमत माझ्या अर्ध्या पगाराएवढी. ती ‘गेल्डरमाल्सन’ या डच जहाजातली होती.

हे जहाज कॅन्टनहून चहा, रेशीम, सोनं आणि पोर्सेलीन घेऊन निघालं आणि जानेवारी 1752 मध्ये दक्षिण चिनी समुद्रात खडकावर आपटून बुडालं. जहाजावर 112 माणसं होती, त्यातली 80 मेली. 1985 मध्ये मायकल हॅचर या शोधकाने ते शोधून दीड लाखाच्या आसपास भांडी वर काढली आणि पुढच्या वर्षी अ‍ॅमस्टरडॅममध्ये त्यांचा लिलाव झाला. चीनमधून दोन तज्ज्ञ 30 हजार डॉलर घेऊन आले होते. भाव इतके चढले की एकही वस्तू न घेता त्यांना परत जावं लागलं.

हॅचर गेला नसता तर ती भांडी कुणालाच दिसली नसती, हे खरं. पण दोन गोष्टी मला टोचत राहिल्या. एक म्हणजे, ही रोजच्या वापराची साधी वाटी. बुडालेल्या जहाजाची नसती तर तिला इतका भाव आला नसता. म्हणजे वाटीच्या वर जे पैसे मी मोजणार होते ते त्या अपघाताचे होते. दुसरी म्हणजे, माल काढताना जहाजाची नीट नोंद झाली नाही, अशी पुरातत्त्वज्ञांची तक्रार होती. कुठली वाटी कुठल्या पेटीत, कुठली वस्तू कुणाच्या सामानात, हे सगळं पुसलं गेलं. वाक्यातून एकेक शब्द उपटून दीड लाख घरांत वाटावा, तसं झालं. प्रत्येक शब्द सुंदर, पण वाक्य कायमचं गेलं.

त्याच समुद्रात 1987 मध्ये ‘नानहाय-1’ हे सोंग काळातलं चिनी जहाज सापडलं. चीनने ते लगेच उपसलं नाही. वीस वर्षं थांबून 2007 मध्ये भल्यामोठ्या पोलादी पेटीत, गाळासकट, अख्खं वर उचललं आणि त्यासाठी बांधलेल्या संग्रहालयात ठेवून हळूहळू उत्खनन केलं. थांबणं शक्य असतं, हे या जहाजाने दाखवून दिलं.

मेलेल्यांना ‘नाही’ म्हणता येत नाही. त्यांच्या वतीने कुणीतरी म्हणावं लागतं. मी विक्रेत्याला ‘नको’ असं कळवलं. त्याने अंगठा पाठवला आणि वाटी बहुधा दुसऱ्या कुणाकडे गेली. माझ्या नकाराने समुद्रातल्या 80 जणांचं काही भलं झालं, असा माझा दावा नाही. फक्त उतारावर माझी रेघ कुठे आहे ते मला कळलं: जिथे ‘नाही’ म्हणण्याची किंमत जीव होती, किंवा ते म्हणायला कुणी उरलंच नव्हतं, तिथे मी घेत नाही.

बाकीचं मी घेते, आनंदाने घेते. प्रत्येक वस्तूसाठी वहीत एक पान असतं: कुणी बनवली, कुठून निघाली, माझ्याकडे कशी आली. एखादी मैत्रीण बशी हातात घेऊन ‘किती गोड!’ म्हणाली की मी आधी तिला मनसोक्त बघू देते. मग वही पुढे करते.