सातबाऱ्याबाहेरची माणसे

१८ ऑगस्ट २०२५ च्या पहाटे मुखेड तालुक्यातली हसनाळ, रावणगाव, भासवाडी, भिंगेली ही गावे लेंडी धरणाच्या पाण्याने वेढली गेली. चहूकडे पाणी, मधे गाव. हसनाळमध्ये माणसे दगावली, दावणीची जनावरे दाव्यासकट गेली. समुद्र जिथून शेकडो किलोमीटर लांब, त्या नांदेड जिल्ह्यात बचावासाठी लष्कर बोलवावे लागले. सप्टेंबरात मांजरा आणि तेरणेने लातूर-धाराशिवची सोयाबीनची राने बुडवली.

पाणी ओसरले की पंचनामे सुरू होतात. त्या दिवसांत औसा तालुक्यात एका बांधावर उभे राहून ते पाहिले. शेंगांना झाडावरच कोंब फुटलेले, मुळाशी काळा गाळ, कुबट वास. तलाठी खातेदाराचे नाव विचारत होते. खातेदार पुण्यात नोकरीला. रान बटईने केलेले. बी, खत, फवारणी यांत निम्मा पैसा बटईदाराचा आणि राबणूक सगळी त्याच्या घरची. तो शेजारीच उभा होता, पाय पोटऱ्यांपर्यंत चिखलात. यादीत नाव लागले ते पुण्यातल्या मालकाचे. तलाठ्यांचा यात काडीचाही दोष नाही. कोरडवाहू पिकाला हेक्टरी ८,५०० रुपयांचा दर ठरलेला, पैसे खातेदाराच्या बँक खात्यात जाणार, आणि हाताशी दिवस मोजके. पण ज्याचे रान त्याचेच नुकसान, असे त्या कागदाने परस्पर ठरवून टाकले.

काढणीचे गुत्ते घेणाऱ्या मजुरांच्या टोळ्या तर त्या बांधावर आल्याच नाहीत. येऊन दाखवणार काय? सोयाबीनच्या काढणीवर त्यांची दिवाळी असते, पोरांच्या वह्या-कपड्यांचा, किराणा दुकानातल्या उधारीचा हिशेब असतो. बुडालेल्या मजुरीचा पंचनामा कोणी करत नाही. नवरा गेलेली, सासऱ्याच्या समाईक खात्यावर जमीन कसणारी बाईही तशीच अडते. दीर-जावांचे संमतीपत्र आणल्याशिवाय तिच्या हातात काही पडत नाही, आणि भाऊबंदकीत ते आणणे किती अवघड असते हे गावात राहणाऱ्याला सांगायला नको.

मदत जमिनीच्या कागदावर ठरणे मराठवाड्यात पहिल्यांदा घडलेले नाही. ३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी भूकंपाने किल्लारी हादरली. आदल्या रात्री गणपती विसर्जन झाले होते, गावे उशिरा निजली होती. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती आणि वर मातीने भरलेले जड माळवद निजलेल्या माणसांवर आले. जवळपास दहा हजार माणसे गेली. त्या रात्री एक गोष्ट उलटी घडली होती. पिढ्यान्‌पिढ्यांचे भक्कम वाडे जीवघेणे ठरले आणि गावकुसाबाहेरच्या कुडाच्या, पाचटाच्या खोपीतली कितीतरी माणसे वाचली. भूकंपाने सातबारा पाहिला नव्हता.

पुनर्वसनाने मात्र पाहिला. बावन्न गावे नव्या जागी वसवली गेली, आणि घर केवढे मिळणार ते जमिनीवर ठरले. भूमिहीन आणि अल्पभूधारकाला २५० चौरस फूट, त्याच्या वरच्याला ४००, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. ज्याचे मोठे होते त्याचे जास्त गेले, त्याला औतफाट्याला, गुराढोरांना, धान्याला जागा हवी, असे त्यावेळी सांगितले गेले. या म्हणण्यात तथ्य नाही असे नाही. पण त्या घरांमागे देशभरातून आलेली मदत होती, सरकारी पैसा होता, जागतिक बँकेचे कर्ज होते. असा पैसा गेलेल्या मालमत्तेच्या मापाने वाटायचा की उरलेल्या माणसांच्या गरजेच्या मापाने? आठ माणसांचे मजूर कुटुंब २५० फुटांत आणि तिघांचे बागाईतदार घर ७५० फुटांत, ही वाटणी न्यायाची होती असे मला कधीच वाटले नाही. जुनी उतरंड ढिगाऱ्याखाली गेली होती. ती आपण सिमेंटमध्ये पुन्हा बांधली.

असे फक्त आपल्याकडेच होते असे नाही. २०१७ च्या सप्टेंबरात कॅरिबियन समुद्रातल्या बार्बुडा या चिमुकल्या बेटावर इर्मा चक्रीवादळ आदळले. बहुतेक घरे मोडली आणि दीड-दोन हजारांची सगळी वस्ती शेजारच्या अँटिग्वा बेटावर हलवावी लागली. १८३४ मध्ये गुलामगिरी संपल्यापासून बार्बुडाची जमीन तिथल्या सगळ्यांची सामाईक मानली जात होती. २००७ च्या कायद्याने त्यावर शिक्काही मारला होता. वादळानंतर माणसे अजून परक्या छपराखाली असतानाच सरकारने जमिनीची वैयक्तिक मालकी देण्याचा विषय काढला. नावावर जमीन असेल तर घर बांधायला कर्ज मिळेल, हे कारण. लोकांनी विरोध केला. त्यांना भीती होती ती किनाऱ्यावर डोळा ठेवून असलेल्या हॉटेलवाल्यांची. आपल्याकडे कागद नाही म्हणून माणूस मदतीबाहेर राहतो. तिथे मदतीची निकड पुढे करून कागद आणायचे घाटत होते. दोन्हीकडे उघड्यावर पडलेल्या माणसाआधी जमिनीचा विचार झाला.

किल्लारीनंतरचा दुसरा अनुभवही आहे आणि तो आपण फार लवकर विसरलो. जी गावे हलवली नाहीत, तिथल्या घरांच्या दुरुस्ती-मजबुतीकरणात प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ संस्थेने शेकडो गावांत बायकांना संवाद सहायक म्हणून उभे केले. कुणाचे घर तडकले, कुणाचा हप्ता अडकला, कोण एकटी आहे, हे त्यांना ठाऊक असे, कारण त्या त्याच गल्लीत राहत होत्या. कार्यालयाला जे माप घेता येत नाही ते गावाला घेता येते.

बटईदाराचे नाव कागदावर का येत नाही, याचे कारणही लपलेले नाही. आपल्या भागात १९५० चा हैदराबाद कूळ कायदा लागू आहे. नाव लागले तर उद्या कूळ म्हणून हक्क सांगेल, ही मालकाची धास्ती. ती खोटी नाही. म्हणून बटई तोंडी ठरते आणि आपत्तीत बटईदार तोंडघशी पडतो. यावर तोडगा सुचवून झालेला आहे. २०१६ मध्ये नीती आयोगाने नमुना कायदा मांडला: मालकी मालकाचीच राहील, पण कसणाऱ्याला कर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मिळेल. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये कायदा करून कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे हक्कपत्र देणे सुरू केले. त्याने जमिनीवर हक्क येत नाही. महाराष्ट्राला हे येत्या खरिपाआधी करता येईल. कायद्याला वेळ लागत असेल, तर निदान मदतीच्या यादीसोबत कसणाऱ्यांची आणि मजुरांची दुसरी यादी ग्रामसभेत उभे राहून वाचली जावी, आणि हरकती तिथेच, सगळ्यांसमक्ष घेतल्या जाव्यात.